एक माणूस जास्त

चष्मेवाल्यांनी पहिल्या धबधब्यापाशी बायकोचे अकरा फोटो काढले आणि अकराही फोटोंत तिला डोकं नव्हतं.

"हे काय आहे?" बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेत विचारलं.

"धबधबा आहे."

"धबधबा दिसतोय मला. मी कुठाय?"

"हा काय तुझा निळा स्वेटर. अगं, खाली डोहात इंद्रधनुष्य पडलं होतं. ते यायला हवं म्हणून कॅमेरा जरा खाली घेतला."

"एवढी वर्षं जगाला नीट दिसावं म्हणून चष्मे करून देताय, आणि स्वतःला बायकोचं डोकं दिसेना?"

इथे चष्मेवाल्यांनी गप्प बसायला हवं होतं. एकतीस वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसायचं हे त्यांना बरंचसं कळू लागलं होतं. पण दरीतली मोकळी हवा डोक्यात गेली होती. ते म्हणाले, "डोकं रोज दिसतं. इंद्रधनुष्य रोज दिसतं का?"

बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन शेवटपर्यंत ओढली. "ठीक आहे. आजच्या दिवसापुरती तुमची माझी ओळख नाही."

"चालेल," चष्मेवाले म्हणाले.

बाई शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे शेजारपाजारच काय, खुद्द सासरची माणसंसुद्धा त्यांना 'बाई'च म्हणत. चष्मेवाल्यांचं चौकाच्या कोपऱ्यावर छोटंसं दुकान होतं. दोघांचं भांडण कधी आरडाओरड्याचं नसे. अबोला धरायचा आणि जो आधी बोलेल तो हरला, असा त्यांच्या घरचा कायदा होता. मागच्या खेपेला चष्मेवाले हरले होते, तेही केवळ गॅसवरचं दूध उतू जाताना 'अगं, दूध!' असं ओरडल्यामुळे. तेव्हा या वेळी दूध काय, दरी उतू गेली तरी तोंड उघडायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं.

ही सहल लेकीने ठरवून दिली होती. "आईबाबा, एक दिवस घराबाहेर पडा, नदी बघा, धबधबे बघा, जरा बोला एकमेकांशी," असं ती फोनवर म्हणाली होती. बेत सोपा होता. सकाळी बस दरीच्या वरच्या तोंडाशी सोडणार. तिथून नदीकाठच्या पायवाटेने चालत दोन धबधबे पाहायचे, दुसऱ्यापाशी जेवायचं, मग धक्क्यावरून नावेत बसायचं. नाव तिसऱ्या, सगळ्यांत मोठ्या धबधब्यासमोरून दरीच्या खालच्या तोंडाशी नेणार आणि तिथे बस वळसा घालून येऊन थांबलेली असणार.

बरोबर गाईड म्हणून एक पंचविशीतली मुलगी होती. गळ्यात शिट्टी, कमरेला वॉकीटॉकी, हातात वही. एकटीने आणलेली ही तिची पहिलीच सहल. प्रत्येक धबधब्याची उंची, प्रत्येक खडकाचं वय तिने तोंडपाठ केलं होतं. पण माणसांचे चेहरे कुठल्या पुस्तकात छापलेले नसल्याने ते पाठ करायचे राहून गेले होते. त्यात चष्मेवाले पहिल्या धबधब्याच्या तुषारांत चिंब भिजले आणि त्यांनी अंगावर करडा रेनकोट चढवून टोपी कपाळापर्यंत ओढून घेतली. सकाळी बसमध्ये पुढच्या बाकावर बसलेला चेक्सच्या शर्टातला गृहस्थ आणि हा करडा रेनकोट एकच आहेत, हे आता एकाच व्यक्तीला ठाऊक होतं. आणि तिची त्यांच्याशी ओळख नव्हती.

दुसऱ्या धबधब्यापाशी जेवणाची सुट्टी झाली. तिथे आणखी एका सहलीची माणसं जेवत होती, सगळ्या उतारवयाच्या बायका. बाकांवर गर्दी झाली. चष्मेवाले आपला डबा घेऊन लांब एका दगडावर जाऊन बसले. बाईंच्या शेजारची जागा रिकामी राहिली ती एका धिप्पाड, पांढऱ्या केसांच्या मावशींनी घेतली.

"एकटीच का गं?" मावशींनी विचारलं.

"एकटीच म्हणायची," बाई म्हणाल्या.

"छान. मीही एकटीच." मावशींनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. "तुमच्याकडे नाव आहे म्हणे? चढण नाही ना?"

"चढण नाही. सपाट वाट आहे धक्क्यापर्यंत."

"मग चल, हात दे."

मावशी बसमध्ये मागच्या बाकावर असाव्यात, असं बाईंना वाटलं. त्यांनी हात दिला. त्या दोघी हातात हात घालून पुढे निघाल्या, आणि ज्याने ज्याने पाहिलं त्याला वाटलं, बाईंची थोरली बहीण असणार. मागून वीस पावलांवर चष्मेवाले नदीकडे बघत चालत होते. नदी खरोखर सुंदर होती. दोन्ही अंगांना काळे कडे, मधून हिरवं पाणी, कड्याच्या फटीफटीतून बोटभर जाडीचे कितीतरी ओहोळ खाली येत होते. हे कुणाला तरी दाखवावं असं त्यांना तीनदा वाटलं आणि तीनदा त्यांनी स्वतःला आवरलं.

धक्क्यावर नाव तयार होती. नावाडी काठावर लाकडी पेटी उघडून एकेकाच्या हातात केशरी जाकीट देत होता. सगळ्यात आधी मावशींनी जाकीट चढवलं, पट्टे आवळले आणि बाईंचे पट्टेही आवळून दिले. चष्मेवाले सवयीने बाजूला उभे राहून 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' करत होते. त्यांची पाळी आली तेव्हा पेटीत जाकीट नव्हतं.

"संपली," नावाडी म्हणाला. "अठरा होती."

"आम्ही अठराच आहोत," गाईडताई म्हणाली.

"मग हे कोण?"

गाईडताईने बोट नाचवत मोजलं. एकोणीस. तिने उलट्या बाजूने मोजलं. एकोणीसच. मग तिने वही उघडली. वहीत अठरा होते.

"दादा, एकच माणूस जास्त आहे," ती अजिजीने म्हणाली. "मोजण्यात काहीतरी चूक असेल. घेऊन टाका ना. एकच तर."

"नदीला 'एकच तर' कळत नाही, ताई. तुम्ही आणि मी धरून वीस. एकविसावा बसला तर मी उतरतो. मग चालवा तुम्ही." नावाडी पेटीवर जाऊन बसला. "ही शेवटची खेप आहे, तेवढं सांगून ठेवतो. पाचला खालचं फाटक लागतं. चालत जायचं म्हटलं तर चार तास."

चार तास म्हटल्यावर गटात कुजबुज सुरू झाली. एका सहाजणांच्या कुटुंबाने पटापट एकमेकांचे हात धरले. नवीन लग्न झालेल्या एका जोडप्याने आधीपासूनच धरले होते. गाईडताईच्या ओठावरची शिट्टी थरथरू लागली, आणि तेवढ्यात मावशी पुढे झाल्या.

"रडू नकोस. अशी कामं रडून होत नाहीत. सगळे एका रांगेत उभे राहा! उंचीप्रमाणे नाही, बसमध्ये बसला होतात तसे. तुम्ही दोघं, हात सोडा आधी, मोजताना घोळ होतो. वही वाच गं तू, मी माणसं बघते."

मावशींच्या आवाजात असं काही होतं की नावाडीसुद्धा पेटीवरून उठून रांगेत उभा राहिला. त्याला परत पाठवावं लागलं. गाईडताई नावं वाचू लागली, मावशी एकेकाला बोटाने पलीकडे धाडू लागल्या. कुटुंब झालं, जोडपं झालं, सहा कॉलेजमित्र झाले, एक चित्रकार आणि त्याची आई झाली. शेवटी वहीतली एकच ओळ उरली. लेकीने घाईघाईत भरलेल्या फॉर्मवरून ती उतरवली होती. आधी बाईंचं नाव आणि पुढे 'व एक'.

"ही मी," बाई म्हणाल्या.

"आणि एक?" गाईडताईने विचारलं.

"मी हिच्याबरोबरच आहे की," मावशी म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. तासाभरापासून मावशी बाईंच्याच बरोबर होत्या.

आता काठावर करडा रेनकोट तेवढा उरला.

"काका, तुमचं तिकीट?" गाईडताई म्हणाली.

"आहे."

"कुठाय?"

"पर्समध्ये."

"कुणाच्या पर्समध्ये?"

चष्मेवाल्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई नदीकडे बघत होत्या. आता ही म्हणेल 'अहो, असं काय करता, या इकडे', की संपलं, असा चष्मेवाल्यांचा हिशोब होता. आणि आता हे म्हणतील 'अगं, सांग ना त्यांना', की संपलं, असा बाईंचा होता. दोघांचाही हिशोब चोख होता. फक्त दोघं एकमेकांच्या उत्तराची वाट बघत होते.

"काकू," गाईडताईने शेवटी विचारलं, "हे तुमच्याबरोबर आहेत का?"

बाईंना वाटलं, हाच तो क्षण. आता एक वाक्य टाकलं की गृहस्थ सुतासारखे सरळ येतील. त्या म्हणाल्या, "मी यांना ओळखत नाही."

"झालं!" मावशींनी टाळी वाजवली.

चष्मेवाल्यांचे कान लाल झाले. पण ते काय म्हणाले? "बरोबर आहे. आमची ओळख नाही," असं म्हणाले. हट्टी माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना धोंडाही नीट निवडून घेतो.

त्याच वेळी गाईडताईच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. दुसऱ्या सहलीचा गाईड वरून बोलत होता. ती सहल नावेत न बसता चारशे बारा पायऱ्या चढून वरच्या सज्ज्यावरून तिसरा धबधबा बघायला गेली होती.

"ताई, खर्रर्र... माझ्याकडे एक माणूस कमी भरतंय... खर्रर्र... दिसलं का कुठे?"

गाईडताईचा चेहरा असा फुलला, जसा निकालात आपला नंबर सापडल्यावर फुलतो. "दादा, माझ्याकडे एक जास्त आहे!"

"पाठव, पाठव!"

पायवाटेवरचा पहारेकरी वर निघालाच होता. त्याने चष्मेवाल्यांच्या कोपराला अलगद हात लावला. "चला काका. वय झालं की होतं असं. माझ्या सासऱ्यांचंही असंच आहे."

चष्मेवाले निघाले. दहा पावलं गेल्यावर हाक येईल म्हणून हळू चालले. वीस पावलांवर बुटाची लेस बांधायला थांबले, खरं तर बुटाला लेस नव्हतीच. बाई नावेत बसून पाठमोऱ्या रेनकोटाकडे बघत होत्या. आता वळतील, मग वळतील, असं त्या मनात म्हणत होत्या. नावाड्याने दोर सोडला. रेनकोट झाडांमागे गेला आणि नाव प्रवाहाला लागली.

तिसरा धबधबा वळणावर एकदम समोर आला. एवढ्या उंचीवरून येणारं पाणी खाली पोचेपर्यंत धूरच होऊन जात होतं. सगळे 'आहा' म्हणाले. बाईंच्या डाव्या बाजूला मावशी 'आहा' म्हणाल्या. बाईंनी सवयीने उजवीकडे वळून "अहो, बघा ना," म्हटलं आणि तिथे चित्रकाराची आई बसली होती.

मग मात्र बाईंना राहवेना. शर्ट ओला आहे. त्यांचा स्वेटर माझ्या पिशवीत आहे. चारशे बारा पायऱ्या. त्या उठून डगमगत गाईडताईपाशी गेल्या.

"एक सांगायचं होतं. रागावू नकोस."

"बोला ना काकू."

"ते मघाचे रेनकोटवाले. ते आमचे मिस्टर आहेत."

गाईडताईच्या तोंडातली शिट्टी आपोआप वाजली. "काकू! पण तुम्ही तर म्हणालात, ओळखत नाही!"

"ते आमचं आपलं घरातलं होतं."

"अहो, घरातलं घरात बोलायचं ना! नदीकाठी कशाला आणलंत?"

गाईडताईने घाईघाईने वॉकीटॉकी कानाला लावला. "दादा, मी मघाशी तुमच्याकडे पाठवलेला माणूस परत हवाय. तो आमचाच आहे. चूक झाली."

"तो आहे इथे," वरून आवाज आला. "आत्ताच पोचला. पण ताई, तू पुरुष कशाला पाठवलास? आमच्या एक बाई हरवल्यात. मोठ्या हॉस्पिटलच्या मेट्रन होत्या त्या. त्यांच्या हाताखालच्या निवृत्त नर्सेसची सहल आहे ही. सत्तरीच्या, धिप्पाड, पांढरे केस."

बाईंच्या डोक्यात अठ्ठावीस वर्षांची गणिताची सवय आपोआप चालू झाली. आपण अठरा. त्यातून एक वजा, हे वर गेले. उरले सतरा. पण नावेत जाकिटं तर अठरा आहेत. मग हा हातचा एक आला कुठून?

त्यांनी सावकाश मान वळवली. मावशी अत्यंत तन्मयतेने धबधबा बघत होत्या. इतक्या तन्मयतेने की धबधबा मागे पडला होता तरी त्या तिकडेच बघत होत्या.

"मावशी," बाई शेजारी बसत हळूच म्हणाल्या, "तुम्ही वाट चुकलात का?"

मावशींनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझी शपथ, कुणाला सांगू नकोस. चुकले नाही. सटकले."

"सटकलात?"

"अगं, चौतीस वर्षं मी मेट्रन. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. पण या एकवीस जणी अजून मी आले की उभ्या राहतात. मॅडम, चहा घेऊ का? मॅडम, फोटो काढू का? मॅडम, हसू का? मला म्हटलं, एक दिवस, एकच दिवस, कुणाचीही मॅडम न होता घालवावा. तुझ्या शेजारी जागा दिसली, बसले. तू मला 'मावशी' म्हणालीस ना, इतकं बरं वाटलं."

"पण धक्क्यावर तर तुम्हीच सगळ्यांना रांगेत उभं केलंत!"

"हो ना," मावशी खिन्नपणे म्हणाल्या. "सवय कुठे जाते? तासभर टिकले बघ जेमतेम." मग त्यांनी नजर चोरत विचारलं, "ते तुझे मिस्टर, पायांनी धड आहेत ना?"

"पायांनी धड आहेत," बाई म्हणाल्या.

गाईडताई आली तेव्हा मावशी म्हाताऱ्या झाल्या होत्या. पाठ वाकली होती, आवाज कापत होता. "वाट चुकले गं पोरी. वय झालं. दोन्ही सारख्याच दिसल्या, वाटा म्हणते मी." गाईडताईने त्यांना पाणी दिलं आणि वर कळवलं की मेट्रनबाई सुखरूप आहेत, खालच्या तळावर अदलाबदल करू.

तिकडे चष्मेवाले चारशे बारा पायऱ्या मोजत चढले होते. मोजायला दुसरं काही नव्हतं. सज्ज्यावर पोचले तेव्हा धापेमुळे त्यांना बोलता येत नव्हतं, आणि समोर एकवीस निवृत्त नर्सेस त्यांच्याकडे बघत होत्या.

"हे तुमचे हरवलेले," पहारेकरी म्हणाला.

"हे आमचे नव्हेत!" एकवीस आवाज एकदम आले.

"आता आलेच आहेत तर बसू दे," पुढच्या एक ठेंगण्या बाई म्हणाल्या. त्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. "भाऊ, मनगट द्या बघू." त्यांनी घड्याळ बघत नाडी मोजली, दुसरीने रेनकोट उतरवून कोरडा टॉवेल खांद्यावर टाकला, तिसरीने कपात चहा ओतला. इतकी काळजी चष्मेवाल्यांनी स्वतःच्या अपेंडिक्सच्या वेळीसुद्धा पाहिली नव्हती. तेव्हा तर बिछानाही त्यांनी स्वतःच घातला होता.

चहाचा दुसरा घोट घेताना त्यांचं लक्ष गेलं. थिएटरच्या सिस्टरचा चष्मा नाकावर तिरका बसला होता. शेजारणीच्या चष्म्याला एका बाजूने चिकटपट्टी होती. तिसरीची दांडी दोऱ्याने बांधलेली होती. चष्मेवाल्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात बोटाच्या पेराएवढा स्क्रू-ड्रायव्हर कायम असे.

"जरा काढता का?" ते म्हणाले.

बघता बघता त्यांनी सतरा चष्मे सरळ केले. दांड्या वाकवल्या, स्क्रू आवळले, काचा रुमालाने लख्ख पुसल्या. सिस्टर लोक एकेक करून चष्मा लावत, कठड्याशी जात आणि समोर कोसळणाऱ्या पाण्याकडे बघून ओरडत, "अगं बाई! याला तीन धारा आहेत! मला मघापासून एकच दिसत होती!"

त्यांच्यात भलतीच मौज चालली होती. दोघीजणी पायातले बूट काढून झऱ्यात उभ्या होत्या. एक जाडजूड सिस्टर तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवायला शिकत होती आणि बाकीच्या तिला चुकीचे सल्ले देत होत्या. केकचा दुसरा डबा उघडला गेला. चष्मेवाल्यांना नवल वाटलं.

"सिस्टर," त्यांनी विचारलं, "तुमच्या मॅडम हरवल्या आहेत ना? काळजी नाही वाटत?"

थिएटरच्या सिस्टरनी नवा सरळ चष्मा बोटाने वर केला, इकडेतिकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "सांगते. पण गळ्याची शपथ घ्या. तुमच्या पोटात राहायला हवं."

सिस्टरनी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. चष्मेवाल्यांना चहाचा ठसका लागला आणि चार नर्सेस एकदम पाठीवर थापा मारायला धावल्या.

एवढ्यात गाईडचा आवाज आला, "मॅडम सापडल्या! सुखरूप आहेत!"

शिट्टी शिकणाऱ्या सिस्टरने तोंडातली बोटं काढली. मग सगळ्याजणी "अरे वा, अरे वा," म्हणाल्या. बूट पायांत गेले, केकचा डबा बंद झाला, ओठांवरचे कण पुसले गेले आणि एकवीस जणी दोनदोनच्या रांगेत पायऱ्या उतरू लागल्या.

नर्सेसची बसही वळसा घालून आली आणि खालच्या तळावर दोन्ही बस शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मेट्रनबाई ताठ उभ्या राहिल्या. नर्सेस रांगेत.

"किती पायऱ्या होत्या?"

"चारशे बारा, मॅडम."

"कुणाला चक्कर?"

"नाही, मॅडम."

"माझी फार काळजी केली असेल तुम्ही."

"खूपच, मॅडम," थिएटरच्या सिस्टर खाली बघत म्हणाल्या. मग त्यांनी चष्मेवाल्यांना कोपराला धरून पुढे आणलं आणि ड्यूटी बदलताना पेशंट सोपवावा तसे बाईंच्या ताब्यात दिले. "नाडी चौऱ्याहत्तर. आल्यावर धाप होती, आता नाही. दोन कप चहा, तीन तुकडे केक. शर्ट अजून दमट आहे, तेवढं बघा."

गाईडताईने मात्र आता ताकही फुंकून प्यायचं ठरवलं होतं. तिने वही छातीशी धरली. "काकू, नीट बघून सांगा. घाई नको. हे तुमचेच ना?"

दोन बसमधले चाळीस लोक बघत होते. बाईंनी चष्मेवाल्यांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. केस विस्कटलेले, बुटांना चिखल, हनुवटीला केकचा कण.

"आमचेच आहेत," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून स्वेटर काढून पुढे केला. "अहो, हा घाला आधी. शर्ट दमट आहे म्हणतात."

चष्मेवाल्यांनी पायऱ्या उतरताना या प्रसंगासाठी एक झणझणीत वाक्य तयार केलं होतं. ते त्यांना आठवेना. "आधी तू बोललीस," एवढंच ते म्हणाले.

"ते बोलणं नव्हतं. सूचना होती."

"बरं," म्हणून त्यांनी स्वेटर घातला.

बस सुटली. गाईडताईने तीनदा मोजून अठराचा आकडा वहीत लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि डोळे मिटले. दरी मागे पडली, वाट मोकळी झाली, उन्हं तिरपी झाली. बाई खिडकीशी, चष्मेवाले शेजारी. दोघंही एकमेकांकडे चोरून बघत होते.

"मला ना," बाई शेवटी म्हणाल्या, "एक गंमत कळलीय. पण शपथ घातलीय."

"मलाही. मलाही घातलीय."

"तुमची कुणाबद्दल?"

"मेट्रनबाईंबद्दल. तुझी?"

"मेट्रनबाईंबद्दलच."

बाईंनी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "नवऱ्याला सांगितलं तर शपथ मोडत नाही. त्या हरवल्याच नव्हत्या. मुद्दाम सटकल्या. म्हणे एक दिवस या एकवीस जणींपासून सुटका हवी होती. त्यांना कळता कामा नये, बिचाऱ्यांना वाईट वाटेल म्हणाल्या."

चष्मेवाल्यांनी आ वासला. मग त्यांचे खांदे हलू लागले.

"काय झालं? सांगा ना!"

"अगं, त्यांना कळलं होतं," चष्मेवाले कसेबसे म्हणाले. "जेवणानंतर पहिल्या दहा मिनिटांतच कळलं होतं मॅडम नाहीत म्हणून. त्यांनी पायऱ्यांवरून वाकून पायवाटेवर पाहिलंसुद्धा. मॅडम तुझा हात धरून मजेत चालल्यात, हे बघितलं. आणि मग सगळ्यांनी ठरवलं की सज्ज्यावर पोचून, केक कापून होईपर्यंत गाईडला काही सांगायचं नाही. मॅडमना कळता कामा नये म्हणाल्या, बिचाऱ्यांना वाईट वाटेल!"

बाईंनी पदराऐवजी स्वेटरची बाही तोंडात कोंबली. तेवढ्यात दुसरी बस हॉर्न वाजवत बाजूने पुढे निघाली. पहिल्या बाकावर मेट्रनबाई ताठ मानेने समोर बघत बसल्या होत्या. त्यांच्या मागे एकवीस जणी, हात मांडीवर, चष्मे सरळ. कुणी हूं की चूं करत नव्हतं. शेवटच्या खिडकीतली जाडजूड सिस्टर तेवढी, मॅडमना दिसणार नाही अशा बेताने, दोन बोटं तोंडाशी नेऊन बघत होती.

दोघं इतके हसले की गाईडताई दचकून उठली आणि तिने आधी शिट्टी वाजवली, मग विचारलं, "काय झालं? कोण राहिलं?"

"कुणी नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "झोप तू."